दहावा शब्द

शिमोनचं बोट नवव्या माणसावर येऊन थांबलं आणि दहावा शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

"अजून एक कमी," तो म्हणाला.

माणसांना आकड्यांनी मोजायचं नाही, अशी आष्टमकरांच्या घरची जुनी चाल. म्हणून दहा शब्दांची एक हिब्रू ओळ म्हणत एकेक शब्द एकेका पुरुषावर ठेवायचा. ओळ पुरी झाली तरच कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येते. आज आईचं वर्ष होतं. गावात ज्यूंचं घर एकच, शिमोनच्या मोठ्या बहिणीचं, एलिशेबाचं. नऊ पुरुष जमवायलाच तिनं महिनाभर ठाण्या-नागपूरला फोन लावले होते. दहावा, भाचेजावई पियुष, पैनगंगेच्या पुलाजवळ ट्रकांच्या रांगेत अडकला होता.

सरकारी दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे काढताना लोकांना "हलू नका" म्हणून दटावणारी एलिशेबा आज स्वतः मात्र एका जागी ठरत नव्हती. ओट्यापासून दारात, दारातून गच्चीवर, सूर्य कुठवर आला ते बघायला. दिवस मावळला की तिथी संपणार होती. मलिद्याच्या गोड पोह्यांवरचं खोबरं तिनं तीनदा सारखं केलं. शेजारच्या चंपाबाई केळी कापत होत्या. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची कूस बदलायला ह्याच यायच्या.

शिमोननं चौथ्यांदा मोजलं तेव्हा एलिशेबा तडक बैठकीत आली.

"मी हाय ना इथं. मले मोज."

"ताई, बायका धरत नाहीत. तुला माहीत आहे."

"तुझ्या हातातली वही कोनं लिवली?"

कद्दीश शिमोनला पाठ नव्हती. तिनंच ती देवनागरीत उतरवून दिली होती.

"काही ठिकाणी बायकांनाही धरतात म्हणे," बिन्यामिनमामा चाचरत म्हणाले.

"धरत असतील. आपल्यात नाही."

एलिशेबाला असा राग आला की डोळेच भरून आले. "मायचं हागमूत काढाले मी एकटी पुरली," ती म्हणाली, "अन् तिच्या नावानं चार ओळी म्हनाले पुरत नाही?"

आणि ती स्वयंपाकघरात परत गेली.

भिंतीवरचं ऊन पार उतरत आलं तेव्हा पियुष धापा टाकत आला. टोपी आणायची तो विसरला होता. डोक्यावर रुमाल टाकून उभा राहिला आणि दहावा शब्द त्याच्यावर पडला. त्याला हिब्रूचं एक अक्षरही येत नव्हतं.

शिमोननं सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तो अडखळला. डोळ्यांना धारा लागल्या, वहीतलं पुढचं दिसेना. सगळे पुरुष स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागले.

राहू दे तसंच, असं एलिशेबाला क्षणभर वाटलं. मग आई आठवली. तिथूनच, दारातून, तिनं उरलेलं सगळं न अडखळता म्हटलं. पुरुषांनी जिथल्या तिथे "आमेन" म्हटलं.

ती आत आली तेव्हा चंपाबाईंनी हळूच विचारलं, "समदं तं तुमीच म्हनलं. मंग मोजलं काऊन नाही तुमाले?"

एलिशेबानं मलिद्याच्या ताटल्या उचलल्या. पाटांवर बसलेल्या एकेकापुढे ताटली ठेवताना ती तीच ओळ म्हणू लागली, ताटलीला एक शब्द. नववा शिमोनपुढे आला. त्याच्या शेजारच्या पाटावरून पियुष फोन आला म्हणून अंगणात गेला होता. एलिशेबानं दहावी ताटली तिथं ठेवली, दहावा शब्द मोठ्यानं म्हटला आणि पदर खोचून ती त्या पाटावर बसली.

कोणाचाच हात मलिद्याकडे जाईना. शिमोननं तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त आपली मांडी जरा आवरून घेतली आणि तिला नीट बसायला जागा करून दिली.