मी सुटलेलीच मूठ पाहिली

मी एक जुनी रबरी नळी आहे. बुटाच्या नाडीपेक्षाही बारीक, आत पारा भरलेला आणि दोन्ही टोकांना तारा. मित्रांनो, मला पाहायला सहसा कुणी थांबत नाही. थांबलेच तर मला आधी शंका येते, की याला नेमके काय हवे आहे? माझा स्वभावच संशयी. पण त्याला माझे कामही तितकेच जबाबदार आहे.

एका छोट्या कारखान्यात एका कारागिराने मला भरले. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी अशी नळी खोटे बोलते, म्हणून त्याने मला तीनदा रिकामे केले आणि चौथ्यांदा भरले. तरी जाताना उजेडात धरून पाहिलेच. तिथून मी एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, तपासणीच्या खोलीत आले. खिडकीला जाड पडदा, एक कलती खुर्ची, हात टेकवायला दोन उशा, एवढीच ती खोली.

माणसाच्या कोपराखाली, हाताच्या सगळ्यात जाड भागाभोवती मला गुंडाळत. दंडावरचा पट्टा थोडासा फुगवला, की रक्त हातात येते पण परत जाऊ शकत नाही. त्यामुळे हात केसभर फुगतो, मी केसभर ताणली जाते आणि कागदावर रेघ चढू लागते. रेघ जितकी उभी, तितका रक्ताचा ओघ मोठा. हात स्वस्थ असला की रेघही आळसावलेली असते. मग माणसाच्या हातात स्प्रिंगची मूठ द्यायची, दोन मिनिटे आवळ-सोड करायला लावायची आणि तो थांबला की पुन्हा मोजायचे. राबलेल्या स्नायूला रक्ताची भूक लागलेली असते. रेघ सरळ छताकडे धाव घेते.

फसवणारेही पुष्कळ येत. कुणी जोर लावल्याचे नुसते तोंड करी, कुणी रजेच्या चिठ्ठीसाठी हात लुळा पाडून बसे. मी ताणली गेले की दूध का दूध व्हायचे. डॉक्टर म्हणत, "माणूस खोटं बोलेल, ही नळी नाही बोलणार." या कौतुकाने मी चढून गेले नाही असे म्हटले, तर तेही खोटेच होईल.

अशात एक दिवस कात्रीवाली आली. खुर्च्या-सोफे बनवणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षे रेक्झिन कापत होती. सोबत तिची नणंद होती आणि कारखान्याचा मुकादम. मुकादम सारखा घड्याळ बघत होता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण चुकचुकली ती कात्रीवालीवर.

"कापायचं मशीन आलं, म्हणून हिला गोंद फवारायच्या बंदुकीवर घेतलं," तो मापे घेणाऱ्या बाईंना म्हणाला. "एक खटका दाबून धरायचा, बास. अकरा वर्षं कात्री चालवली तेव्हा हात दुखला नाही, आणि आता पाच मिनिटांत दुखतो म्हणे! हात खराब असेल तर लिहून द्या, दुसरं काम बघू. चांगला असेल तर उद्यापासून हिला घरी बसू दे. सोंगं खपवून घ्यायला वेळ नाही आम्हाला."

"घरी धुणीभांडी करताना दुखत नाही हं," नणंदेने भर घातली. "मी बघते ना रोज."

"नाहीच दुखत, वन्सं. मी कुठं म्हटलं दुखतं म्हणून?" कात्रीवाली बाईंकडे वळली. "सोडलं की काही नाही, बाई. धरून ठेवलं की बोटांत जीव राहत नाही."

बाईंनी कागदावर 'हात दुखतो' एवढेच लिहिले. मी तर मनातल्या मनात निकालही लावून टाकला. नाचता येईना अंगण वाकडे! जड कात्री चालते आणि हलका खटका चालत नाही, हे कुणाला पटेल?

मला गुंडाळले. तिने दोन मिनिटे मूठ आवळली-सोडली. ती थांबताच मी अशी ताणली गेले, की तितकी पैलवानांच्या हातावरही क्वचितच गेले असेन.

"बघा!" मुकादम जवळजवळ ओरडलाच. "रक्त तर धो धो वाहतंय. लिहा, हात ठणठणीत."

बाईंनी पेन उचलले. कात्रीवालीचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. "माझं घर या हातावर चालतं, बाई," ती म्हणाली. "खोटं बोलून मी तोच हात कशाला तोडून घेईन?"

बाई थांबल्या. त्याही माझ्यासारख्याच संशयी, आणि मुकादमाची घाई त्यांना मघापासून खटकत होती. "दुखतं कधी म्हणालात?"

कात्रीवालीने स्प्रिंगची मूठ घेतली आणि आवळून तशीच धरली. "हे असं. दिवसभर."

"मग तशीच धरा. हात हलवू नका."

दंडावरचा पट्टा फुगला. मी वाट पाहत राहिले. काहीच झाले नाही. कागदावरची रेघ आडवीच पडून राहिली. मला वाटले, पट्टा गळत असेल. मग वाटले, उशी सरकली असेल. शेवटी सगळे आरोप संपले, तेव्हा मला उमगले. घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरत होता. रक्त दाराशी येऊन उभे होते आणि दाराला आतून कडी होती. कात्री दर कापणीला उघडते, तेवढ्यात रक्त आत शिरते. भांडी घासतानाही तेच. खटका मात्र उघडतच नाही.

दुसऱ्या मिनिटाला तिची बोटे थरथरू लागली.

"नळी जुनी झालीय तुमची," मुकादम म्हणाला. ते ऐकून माझा पारा चढला.

"मग तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "खटक्याला एवढाच जोर लागतो ना?"

"खटका याहून कडक आहे," कात्रीवाली म्हणाली.

मुकादम बाही सारून बसला. मिनिटभरात त्याच्या कपाळावर घाम आला. "सोडू का?"

"का बरं? दाबून धरायचं, बास!" हे नणंद म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळून भावजयीकडे पाहू लागली. मुकादमाच्या जाडजूड हातावरही माझी रेघ आडवीच होती.

बाईंनी लिहिले: हात निरोगी, तक्रार खरी. खटका मऊ करावा, आणि मूठ वरचेवर उघडू द्यावी. मुकादमाने कागद दोनदा वाचला. "ठीक आहे. उद्या कामावर ये."

"मी पहिल्यापासून हेच सांगत होते, मुकादम."

"हो, पण आता कागदावर आलं ना."

आता माझे रबर तडकले आहे. आवाजाच्या लहरींनी रक्ताचा वेग सांगणारे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेले. त्याचे मला दुःख आहे, पण त्याहून मोठी टोचणी वेगळीच आहे. मी सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःवर कधीच घेतला नाही. इतकी वर्षे मी प्रत्येक मूठ सुटल्यावरच पाहिली आणि साक्ष दिली ती आवळलेल्या मुठीची. कात्रीवालीच्या आधीही कितीतरी जण "धरल्यावर दुखतं" म्हणाले असतील, आणि माझी उभी रेघ त्यांच्या हाती देऊन त्यांना खोटे ठरवले गेले असेल. त्यांच्या नोंदींच्या वह्या माझ्याच कपाटात, खालच्या खणात आहेत. त्यांना कुणी परत बोलावले नाही.

मित्रांनो, मला जपायचे राहू द्या. त्या वह्या काढा, आणि त्या माणसांना परत बोलवा.