दोरीमागचा जिना

मी एक जुना जिना आहे, मित्रांनो. सागवानी, अंगाने रुंद आणि कानाने तिखट. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्याला आपली खासगी शाळा होती. त्या कौलारू शाळेवर मजला चढला तेव्हा मी आलो. माझं लाकूड बारवी धरणात बुडालेल्या गावातल्या एका घराचं. "पाण्यात कुजण्यापेक्षा पोरांच्या पायाखाली झिजू दे," असं म्हणून शाळा काढणाऱ्या हरिचंद्र गुरुजींनी मला बसवलं.

आणि मी सुखानं झिजलो. पावलांचा हिशेब माझा पक्का. गृहपाठ न केलेला कठडा धरून चढे, केलेला दोन-दोन पायऱ्या घेई. तपासणीचे साहेब आले की एरवी धापा टाकणारे मास्तरही हरणासारखे पळत. दहावीची मुलं निरोपाच्या दिवशी माझ्यावर बसून फोटो काढत. वळणावरची पायरी संजीवनी नावाच्या एका मुलीची. ती तिथेच डबा खायची आणि लोणच्याचं तेल मला पुसायची.

पुढे शाळा चिखलोलीच्या बाजूला, लिफ्टच्या उंच इमारतीत गेली. जुनी पाडली. मला मात्र मुख्याध्यापिका झालेल्या संजीवनीबाईंनी हट्टानं उचलून आणलं, पॉलिश केलं, दारातल्या भिंतीला टेकवलं. माझ्या टोकाला मजला नाही. समोर लाल दोरी आणि पाटी: 'हात लावू नये.' पाहुणे कौतुक करतात, पोरं लिफ्टने जातात. एवढा मान मला कधी नव्हता आणि इतका एकटाही मी कधी नव्हतो.

यंदा निरोपाच्या दिवशी दहावीतल्या ऋतिकाने विचारलं, "बाई, फोटोला जिन्यावर बसू ना?"

"बाजूला उभे राहा. जुना आहे, मोडेल."

मी आशा सोडली. तेवढ्यात मोतीबाई आल्या. जन्मभर त्यांनी मला झाडलं. आता निवृत्त आहेत, पण फोटोला दरवर्षी येतात. दोरी उचलून त्या खालच्या पायरीवर बसल्या.

"मोतीबाई, उठा. तो जुना आहे."

"जुनी त मी पन हाय. मना पन दोरी बांधशील?"

संजीवनीबाईंनी वळणावरच्या पायरीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच दोरी सोडली. मुलं धबाधबा चढली आणि मी करकरलो.

"मोडतोय का?" बाई घाबरल्या.

"बोलतोय त्यो. इतके दिस गप होता."

बाई वळणावर जाऊन बसल्या. पायरी त्यांना अजूनही बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. दोरी पुन्हा लागली. आता मी पुढच्या निरोपाची वाट पाहतो. मित्रांनो, जुन्याला जपा, पण असं दुरून नको. येता-जाता टेका जरा. लोणच्याचं तेल पुसलंत तरी चालेल.