इंदुताईचा फोन चालतो

दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत शमसुन्निसा शिलाईकाम करते. गल्लीतल्या लहानथोरांची ती शमसुआपा. वय पंचावन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि ब्लाउज वेळेवर हवं असेल तर तिच्याशी वाद घालायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक. मशीनच्या उजव्या हाताला दुसरी एखादी शिवणारी रिळांचा डबा ठेवेल, तिथे आपाने मुलाचा जुना लॅपटॉप ठेवला आहे. त्याच्या बाजूला टोपलीभर फोन. बहुतेक लोकांनी टाकून दिलेले, काही तिने मागून आणलेले.

आपाला शौक आहे. एखादा फोन धडधाकट असतो, पण कंपनी त्याला अपडेट देणं बंद करते. अशा फोनमधली जुनी सिस्टिम काढून आपा त्यात नवी घालते. ही सिस्टिम कंपनीची नसते. जगभरातले काही रिकामे आणि हुशार लोक ती बनवतात, फुकट वाटतात, आणि इंटरनेटवरच्या एका फोरमवर एकमेकांची अक्कल काढत शिकवतातही. लॉकडाऊनमध्ये मशीन बंद पडली तेव्हा आपा त्या फोरमवर शिरली आणि पुन्हा बाहेर आली नाही. इंग्रजी बारावीपर्यंतचं, बाकीचं डिक्शनरीतून. तिकडचे लोक तिला पुरुष समजून 'भाई' म्हणतात. तिनेही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण त्यात वेळ जातो.

घरात मात्र या शौकाला किंमत शून्य. नवरा अब्दुल गनी गॅरेजमध्ये दिवसभर जुनी इंजिनं उघडतो, ती त्याला मिस्त्रीगिरी वाटते, आणि बायकोने फोन उघडला तर तो खेळ. बहिणीचा मुलगा मुजफ्फर याचं चौकात मोबाईलचं दुकान आहे. तो तर खालाच्या तोंडावर हसतो. त्याच्या मते चार वर्षं झालेला फोन म्हणजे कचरा. नवे फोन विकणाऱ्याने दुसरं काय म्हणावं?

तर हे असं चाललं होतं, तेवढ्यात इंदुताईचं प्रकरण उभं राहिलं.

इंदुताई आपाची वीस वर्षांची मैत्रीण. आठ किलोमीटरवरच्या गावात एका संस्थेची बालवाडी चालवते. चोवीस पोरं, सोळा वर्षांची नोकरी, एकही रजा फुकट घेतलेली नाही. मध्यंतरी संस्थेने ॲप काढलं. पोरांची हजेरी, वजन, खिचडी, सगळं फोनवर भरायचं. इंदुताईने तेही शिकून घेतलं. मग ॲपची नवी आवृत्ती आली आणि ती जुन्या फोनवर उघडेना. संस्थेचे नवे समन्वयक रजत सर नागपूरहून आलेले, वय तीस, शर्टाला इस्त्री कडक. त्यांनी बैठकीत कागद वाटला. फोनची सिस्टिम कोणत्या आवृत्तीची किंवा तिच्यावरची हवी, ते त्यात लिहिलं होतं. पंधरा दिवसांनंतर सोमवारी पुन्हा बैठक, त्या दिवशी ज्या ताईच्या फोनवर ॲप चालणार नाही तिची बालवाडी शेजारच्या केंद्राला जोडण्यात येईल. म्हणजे बाईला घरी बसवण्यात येईल, एवढं न लिहिता सगळ्यांना कळलं. संस्था फोन देणार का, असं कोणीतरी हळूच विचारलं. सर म्हणाले, आता फोन तर सगळेच घेतात.

बावीस बायांनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली. तेविसावी उभी राहिली.

"माहा फोन चालते, सर. तुमचं ॲप चालत नाई," इंदुताई म्हणाली. "मंग नवा फोन मी कायले घेऊ? मी घेत नाई."

बोलून तर बसली. आणि मग गाभण गाईसारखी सावकाश चालणारी ही बाई जीपमधून उतरून धावतच आपाच्या दारात आली. फोन मशीनवर ठेवला आणि विचारलं, होते का काही? आपाने फोन उलटा केला, पाठीवरचा मॉडेल नंबर वाचला, लॅपटॉपवर शोधला. त्या मॉडेलची नवी सिस्टिम होती. चांगली होती, लोकांनी वाखाणलेली. आपाने मान वर न करता सांगितलं, होते. एवढ्या एका शब्दावर इंदुताई चहा न घेता घरी गेली.

सिस्टिम बदलण्यासाठी फोनचं आतलं कुलूप उघडायला कंपनीची परवानगी लागते आणि कंपनी सात दिवस थांबवून ठेवते, का, ते कंपनीलाच माहीत. मग दोन-तीन दिवस लग्नाच्या ब्लाउजात गेले. बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी आपाने फोन हातात घेतला. आधी पोरांचे फोटो आणि सगळ्या नोंदी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, कारण तेवढी शिस्त तिच्या अंगात होती. मग सिस्टिम घालायला लागली तर फोन अडला. पडद्यावर ओळ आली की ही सिस्टिम या फोनसाठी नाही.

आपाने फोन पुन्हा उलटा केला. नंबर तोच. चष्मा पुसून तीनदा वाचला, तोच. फोरमवर पाहिलं, तर दहा जणांनी लिहिलेलं की ही तपासणी कधीकधी उगीच अडवते, फाईलमधली तपासणीची ओळ काढून टाका आणि पुढे जा. आपाने ओळ काढली आणि पुढे गेली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत शेवटपर्यंत पोचली, आणि फोन विझला.

तो पुन्हा सुरू झालाच नाही. चार्जर लावला, बटणं दाबली, दोन-दोन मिळून दाबली, लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपला तर समोर काही आहे हेच कळेना. स्वतःच्या टोपलीतले फोन तिने कितीदा मारले होते, पण ते कोणाचेच नव्हते. हा इंदुचा होता, आणि इंदु भरसभेत बोलून बसली होती.

रडण्यात अर्थ नव्हता. आपाने पातळ प्लॅस्टिकचं कार्ड फटीत सरकवून फोनची पाठ उघडली. आतल्या सर्किटच्या पाटीवर बारीक अक्षरांत नंबर होता आणि तो पाठीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. त्या नावाचे फोन कंपनीने दोन जातींचे काढले होते. बाहेरून जुळे भाऊ, आतून वेगळे. पाठ एकाची होती आणि पोट दुसऱ्याचं.

ती तशीच चपला घालून चौकात गेली. मुजफ्फरने पाठ पाहिली आणि सहज सांगून टाकलं की हो, दोन वर्षांपूर्वी इंदुताईच्या हातून फोन पडला होता, पाठ फुटली, तेव्हा भंगारातल्या फोनची काढून त्यानेच बसवली होती. सगळेच दुकानदार बसवतात. पाठीवरचा नंबर कोण बघतं, खाला? मग काय झालं ते त्याला कळलं आणि तो हसला. म्हणाला, आता तरी नाद सोडा, आणि ताईला पाठवा इकडे, नवा चांगला काढून देतो.

आपा त्याच्यावर भडकली असती, पण रस्ताभर तिला स्वतःचाच राग येत राहिला. बाया शिवायला येतात तेव्हा मापाचं ब्लाउज आणतात. आणि तीस वर्षांत आपाने एक गोष्ट कधी केली नाही: नुसत्या मापाच्या ब्लाउजवर विश्वास ठेवून कापड कापलं नाही. कारण ते ब्लाउज जावेचं असतं, बहिणीचं असतं, दहा वर्षांपूर्वीच्या अंगाचं असतं. बाई म्हणते माझंच आहे. आपा म्हणते असू दे, हात वर कर, आणि टेप काढते. आणि इथे? इथे फोन स्वतःच्या तोंडाने सांगत होता की हे माप माझं नाही, आणि तिने त्याचं तोंड बंद करून कात्री चालवली.

शनिवारी बालवाडी सुटल्यावर इंदुताई फोन न्यायला आली. आपाने तिला खुर्ची दिली आणि उशीर न करता सांगून टाकलं.

"इंदु, फोन मेला. कंपनीनं नाई मारला, मुजफ्फरनं नाई मारला, मीनं मारला. माप न घेता कापला. मले माफ कर."

इंदुताईने तो उघडा फोन हातात घेतला. तिचा चेहरा पडला होता, आणि तो पडलेला पाहणं आपाला मुजफ्फरच्या हसण्यापेक्षा जड गेलं. नवा फोन आणून सोमवारी गुपचूप बसता आलं असतं. बावीसजणी तशाच बसणार होत्या, एकीनेही नाव ठेवलं नसतं. पण मग त्या दिवशी उभं राहिल्याचं काय?

"माफी कायले मांगता, आपा?" इंदुताई म्हणाली. "माफीनं ॲप उघडते का? उठवा त्याले."

आपाला हेच हवं होतं. तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं. एक उपाय शिल्लक होता. तो फोरमवर लोक भीतभीत सांगतात. फोनच्या पोटात दोन बारीक ठिपके असतात. बॅटरी सोडवायची, ते दोन ठिपके धातूने एकमेकांना जोडून धरायचे आणि त्याच क्षणी केबल लावायची. जमलं तर मेलेला फोन एकदा श्वास घेतो आणि लॅपटॉपला ओळख देतो. हात हलला तर पाटी जळते आणि मग उठवायला काही उरत नाही. या कामाला तीन हात लागतात.

"केबल तू लावायची," आपा म्हणाली. "मी म्हनीन तवा."

मशीनमध्ये दोरा ओढायचा बारीक चिमटा तिने स्पिरिटने पुसला. तीस वर्षं सुईच्या नेढ्यात दोरा ओवलेला हात होता तो. गल्लीतून लोक गेले, एक बाई फॉल लावायला आली आणि आपाने तिला न पाहता परत पाठवलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा इंदुताईने केबल आधी लावली आणि शिव्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही काही नाही. सहाव्या खेपेला लॅपटॉप टुणकन वाजला.

आपाने चिमटा उचलला आणि आतल्या नंबराची, खऱ्या जातीची, कंपनीची मूळ सिस्टिम आधी घातली. फोन सुरू झाला. तिथे थांबता आलं असतं, पण त्या सिस्टिमवर ॲप उघडत नव्हतं. मग आपाने रविवारी सकाळी, एकही ओळ न वगळता, त्याच जातीची नवी सिस्टिम घातली. या वेळी फोन कुठेच अडला नाही. ॲप उघडलं आणि चोवीस पोरांची नावं पडद्यावर आली. त्यावर इंदुताईने पदर डोळ्यांना लावला, आणि आपा ओरडली की पडदा ओला करू नको.

सोमवारी दोघी मिळूनच बैठकीला गेल्या. आपाला कोणी बोलावलं नव्हतं. ती दाराशी जाऊन उभी राहिली, कोणाची आई असावी तशी.

रजत सरांनी एकेकीचा फोन बघायला सुरुवात केली. बावीस नवे फोन होते, काहींवरची चिकटपट्टीही निघाली नव्हती. इंदुताईने आपला जुना फोन पुढे केला. ॲप उघडलं, चटकन उघडलं. सरांनी कपाळाला आठी घातली, सेटिंगमध्ये गेले, आणि तिथे त्यांना स्वतःच्या फोनपेक्षाही नवी सिस्टिम दिसली.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. कंपनीने या मॉडेलला हे दिलेलंच नाही, ही छेडछाड आहे, असा फोन संस्थेला चालणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

इंदुताईने तोंड उघडण्याआधी आपा दारातून पुढे आली.

"मीनं केलं."

"तुम्ही कोण? कोणत्या कंपनीच्या?"

"कोनाचीच नाई. कपडे शिवतो मी. हा शौक हाये." तिने पिशवीतून तोच वाटलेला कागद काढला. "यात लिवलं हाये, सिस्टिमची ही आवृत्ती नाई तर तिच्यावरची. हे तिच्यावरचं हाये. कोनाच्या हातानं घातलेलं पायजे, ते काई लिवलं नाई. लिवाचं असंल तर आता लिवून द्या, सई करा. आमी वाचतो."

सरांनी कागद घेतला, वाचला, परत वाचला. लिहून देणं आणि तोंडाने बोलणं यातला फरक त्यांना माहीत होता. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं की उद्या हा बंद पडला तर जबाबदारी कोणाची.

"बंद पडलता, सर," आपा म्हणाली. "शुक्रवारी मीनंच मारला. शनिवारी मीनंच उठवला. तुमच्या कंपनीकडं मेला असता तर त्यायनं काय म्हटलं असतं? नवा घ्या."

खोलीत कोणीतरी फसकन हसलं. सरांनी तिकडे पाहिलं नाही. यादीत इंदुताईच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या विषयावर गेले.

बैठक संपल्यावर बाया आपाभोवती गोळा झाल्या. मग तांड्यावरच्या बालवाडीच्या बसंतीबाईने विचारलं, तिचा जुना फोन घरी कपाटात पडला आहे, आपा तेवढा करून देतील का? लगेच दुसरीचाही निघाला, तिसरीचाही. नवे घेतल्याचा राग आता एकेकीच्या तोंडावर दिसायला लागला होता.

"नाई," आपा म्हणाली. "करून नाई देत. येत्या रविवारी या, आपापला फोन अन् केबल घेऊन. शिकवतो. एकदा शिकल्या का मंग माह्या दारी याचं काम नाई, अन् कोनाच्याच दारी जाचं काम नाई."

बसंतीबाई म्हणाली की तिला इंग्रजी येत नाही, आणि फोन मेला तर?

"मरंल," इंदुताई मधेच बोलली. "मंग उठवू. मी केबल लावतो."