घोळ

यंत्र पुढं गेलं तशी जनकाबाई सोयाबीनच्या ओळीत वाकली आणि मागं राहिलेलं एक रोप तिनं बोटांनी चाचपलं. लालसर देठ, जाडसर गुळगुळीत पानं. घोळच होता. गाजरगवत गेलं होतं, लव्हाळा गेला होता, हराळीची काडीही उरली नव्हती. घोळ मात्र जिथल्या तिथं, कुणी मुद्दाम राखल्यासारखा.

शिरड शहापूरच्या उकंडरावांच्या शेतात आज प्रात्यक्षिक होतं. कंपनीच्या तरुण साहेबानं सकाळीच गाडीतून खाटेएवढं यंत्र उतरवलं. चार चाकं, पोटाखाली कॅमेरा आणि खुरप्यासारखी पाती. तण दिसलं की काढायचं, पीक दिसलं की सोडायचं. दरवर्षी हे काम जनकाबाईच्या टोळीतल्या आठ बाया करायच्या. यंत्र नीट चाललं तर यंदापासून बायांची गरज नाही, हे उकंडरावांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. तरी जनकाबाई आणि पद्माबाई अशा दोघींना त्यांनी बघायला बोलावलं होतं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती.

यंत्रानं तण काढलं की साहेबाच्या हातातल्या टॅबवर त्या तणाभोवती हिरवं कडं उमटे आणि टुणकन आवाज येई. तो आवाज ऐकून जनकाबाईनं वळून टॅबकडं पाहिलं. हे कडं, हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

तिच्या लेकीनं, सपनानं, गेल्या उन्हाळ्यात तिच्या फोनवर एक गेम टाकून दिला होता. शेताचा फोटो येणार, तणावर बोट ठेवायचं, की भोवती हिरवं कडं. आपलं उत्तर बाकीच्या खेळणाऱ्यांशी जुळलं की टुणकन एक चांदणी. साऱ्या टोळीला त्याचं वेड लागलं. पद्माबाईकडं साधा फोन, म्हणून ती जनकाबाईच्याच फोनवर खेळे. तणाच्या बाबतीत ह्या बायांना कोण हरवणार? दिवसभर शेतात खुरपायचं आणि भाकरी खाताना पुन्हा फोनवर खुरपायचं, असं म्हणून त्या स्वतःलाच हसायच्या. घोळावर मात्र एकीनंही कधी बोट ठेवलं नाही. खुरपताना घोळ भाजीसाठी ओच्यात जातो, तणाच्या ढिगात नाही.

"साहेब, ह्या यंत्राला तण कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"गेम खेळणाऱ्या लोकांनी, मावशी. त्यांची करमणूक होते, यंत्र शिकतं."

"त्यांला सांगितलं हुतं का, काहून खेळवून राहिले म्हणून?"

"लिहिलेलं असतं ना. 'मान्य आहे' दाबल्याशिवाय गेम सुरूच होत नाही."

दाबलं होतं सपनानं, न वाचता. जनकाबाईला राग आला, पण नेमका कुणाचा ते कळेना. साहेब तर गोड बोलत होता. शिवाय यंत्राचा हात इतका साफ होता की तिला कौतुकही वाटत होतं, आणि मग त्या कौतुकाची लाज वाटत होती.

तोवर उकंडराव मागची ओळ बघून आले. घोळाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे काहून सोडून राहिलं?"

साहेबानं टॅबवर इकडंतिकडं बोट फिरवलं. "ह्यात काहीतरी घोळ आहे."

"घोळच हाय," पद्माबाई म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला. उकंडरावही हसले. साहेबाला काहीच कळलं नाही.

हसून झाल्यावर उकंडराव म्हणाले, हे असंच राहणार असेल तर यंत्रामागून दोन बाया लागतीलच. साहेब जनकाबाईकडं वळला.

"मावशी, तुम्ही सांगा. हे तणच ना? मग यंत्राला तसं शिकवतो."

पद्माबाईचं हसू थांबलं.

"तण कसं? भाजी हाय ती," जनकाबाई म्हणाली.

आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती. मग आज खोटं बोलल्यासारखं का वाटावं? आणि दोघींचं काम राहिलं, तर उरलेल्या सहाजणींना काय तोंड दाखवायचं? साहेबानं घोळाचा फोटो काढला. गेममध्ये लोकांनाच पुन्हा विचारतो, म्हणाला.

दुपारी दोघी बांधावरच्या बाभळीखाली भाकरीचं फडकं सोडून बसल्या. जनकाबाईच्या ओच्यात संध्याकाळपुरता घोळ होता. तिच्या फोनवर नवा फोटो आला. तेच रोप, कडेला उकंडरावांच्या चपलेचं टोक. खाली दोनच बटणं: तण आणि पीक. भाजीचं बटण नव्हतं.

"काय दाबती?" पद्माबाईनं विचारलं.

"मला काय बी कळंना, बाई."

मग तिनं 'पीक' दाबलं आणि फोन पालथा ठेवला. एकटीचंच उत्तर असेल तर आवाज येणार नव्हता. दोघी भाकरी खात राहिल्या.

शेवटच्या घासाला फोन टुणकन वाजला. उत्तर जुळलं होतं. कुणाशी जुळलं, ते मात्र गेम कधीच सांगत नसे.