लंकेची सोयरीक

आमच्या एकताने नुवान पसंत केला, तेव्हा सगळ्यात जास्त हुरळला माझा नवरा. मुलगा इथे सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या बँकेत काय काम करतो, हे शिवदासने विचारलंसुद्धा नाही. कँडीचा सिंहली, म्हणजे दोन हजार वर्षांचा बौद्ध, एवढ्यावर स्वारी हवेत. लगेच श्रीलंकेची राज्यघटना वाचायला बसला. माणूस पारखायचा तर आधी त्याची घटना वाचायची, हे आमच्या घरचं वळणच आहे.

"हिरा, नववं कलम बघ. बौद्ध धर्माला अग्रस्थान! जातपात तिथे औषधालाही सापडायची नाही."

"आणि तिथले तमिळ?"

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

ऑफिसातल्या पुणेकरांनाही त्याने ऐकवून झालं होतं की आता आमची सोयरीक थेट लंकेत.

नुवानचे आईवडील कँडीहून आले आणि त्यांनी आम्हाला त्याच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर बोलावलं, तेही मुहूर्त काढून. मुहूर्त म्हटल्यावर शिवदास चमकला, पण होणाऱ्या व्याह्यांसाठी त्याने तो निमूट गिळला. नुवानच्या आईने दिवा लावला, नारळाच्या दुधातला भात वाढला. भाताची तारीफ करता करता शिवदास संघमित्रेने लंकेत नेलेल्या बोधिवृक्षापर्यंत जाऊन पोचला.

मग बाईंनी एकताची पत्रिका मागितली.

"आम्ही पत्रिका करत नाही," मी म्हटलं.

"असू दे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, अगदी गोड. "मग जात? आम्ही गोविगम, जमीनजुमला असलेले. आमच्याकडे तेवढं बघतात."

शिवदास ताठ बसला. हे भाषण त्याला पाठ आहे. "माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली. तेव्हापासून आम्ही फक्त बौद्ध."

"छानच की. पण त्याच्या आधी कोण?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुण्यात खोली शोधताना हाच प्रश्न घरमालकीण विचारायची, पण ती निदान पाणीसुद्धा न देता विचारायची. इथे समोर भात होता आणि कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती. शिवदासने भाताची ताटली बाजूला सारली. मला त्याची फार दया आली.

एकता नुवानकडे वळली. "तुला मी पहिल्या महिन्यातच सगळं सांगितलं होतं. तू घरी सांगितलं नाहीस?"

"लग्न झाल्यावर सांगणार होतो," नुवान पुटपुटला. "उगाच प्रॉब्लेम नको म्हणून."

"तुला माहीत होतं?" त्याच्या आईने विचारलं.

त्याने आईचा हात धरला. "सॉरी, अम्मा."

एकताने हातातली ताटली खाली ठेवली. "माझी माफी मागायची सोडून आईची कशाला मागतोस रे?" ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन सँडल घालू लागली.