छपराला वाली नाही

आमच्या संग्रहालयात एकेचाळीस गोष्टींना नाव देता येत होतं. जिना, जिन्याचा कठडा, जिन्याखालचा बाक, तिकीटखिडकी, लिफ्ट, प्रत्येक दालन, दालनातला प्रत्येक मोठा दिवा, इतकंच काय, पिण्याच्या पाण्याचं यंत्रसुद्धा. नूतनीकरणासाठी पैसा उभा करायचा तर देणगी देणाऱ्याला आपल्या नावाची पाटी दिसली पाहिजे, असं मोहीमवाल्यांचं म्हणणं. मोहीमवाले म्हणजे विश्वस्तांनी निधी गोळा करायला पगार देऊन नेमलेले सल्लागार. त्यांनी यादी केली आणि छप्पर एकेचाळिसाव्या क्रमांकावर टाकलं. आठ महिन्यांत चाळीस गोष्टी गेल्या. छप्पर काही कोणी घेतलं नाही, कारण मान वर करून छपराकडे कोण बघतो?

आणि गळत होतं ते फक्त छप्पर.

मी तिथली कागदांची राखणदार. वरच्या मजल्यावर, बरोब्बर त्या छपराखाली, माझी बारा लोखंडी कपाटं. त्यांत गावातल्या बंद पडलेल्या कापड गिरणीचे नक्षीचे कागद आहेत. कागदावर बारीक चौकटी आखलेल्या, आणि एकेक चौकट ब्रशने रंगवलेली. त्या बघून मागावर पडद्यांची, चादरींची नक्षी बसवायची. एक कागद रंगवायला महिना महिना जायचा. सात नंबरच्या कपाटात माझ्या आईने रंगवलेले चाळीस कागद आहेत. आठ नंबरमध्ये डावरीचे.

डावरी म्हणजे आईच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, डाव्या हाताने रंगवणारी बाई. आईने बदकांची किनार काढली, पुढच्याच महिन्यात डावरीनेही बदकांची किनार काढली, आणि मालकाने डावरीची निवडली. त्यानंतर दोघी बावीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. डावरी जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण आईचा राग अजून ठणठणीत आहे.

आईचे कागद घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते. तीस वर्षं कोरडे ठणठणीत. मीच तिच्या मागे लागले. "आई, घरी वाळवी लागेल. उद्या कोणीतरी रद्दीत देईल. संग्रहालयात कसे सुरक्षित राहतील." चार महिने तिचं डोकं खाल्लं तेव्हा ती हो म्हणाली. ट्रंक मी स्वतः उचलून नेली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी, मी चपला काढत असताना, एकदाच विचारते, "माझं कपाट कोरडं आहे ना?"

"हो," मी सांगते. गेलं वर्षभर हे मी धडधडीत खोटं सांगत होते.

कपाट दुसरीकडे हलवायचं, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. आमचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. नियमाबाहेर ते जांभईसुद्धा देत नाहीत.

"बाई, संग्रहातली वस्तू हलवायची म्हणजे ठराव लागतो," ते म्हणाले.

"मग करा ना ठराव."

"ठरावाला अकरापैकी आठ विश्वस्त हजर लागतात. आज पाचच आहेत."

"बरं, मग छप्परच दुरुस्त करा. राखीव निधी आहे की."

"कलम चौदा. इमारत धोक्यात असेल तर राखीव निधी वापरता येतो. पण त्यालाही आठच."

"आणि देणग्यांचे पैसे?"

"ते ज्याच्यासाठी दिलेत त्याच्यासाठीच. बाकाचे पैसे छपराला लावता येणार नाहीत."

दर महिन्याला हेच. कधी पाच, कधी सहा. बाकीचे कुठे असायचे? मोहिमेच्या कामात. देणगीदारांबरोबर जेवायला, देणगीदारांच्या मुलांच्या लग्नाला. संग्रहालय वाचवण्याच्या धावपळीत संग्रहालयाच्या बैठकीला यायला कोणाला सवड नव्हती. मी तळमजल्यावर बघायचे तर नवा चकचकीत कठडा, नवे दिवे, बाकावर पितळी पाटी. वर यायचे तर तीन बादल्या, त्यातली एक सात नंबरच्या डोक्यावर, एक टब आणि कपाटांवर प्लॅस्टिक. डोकं आपटून घ्यायला भिंत शोधावी तर तिलाही ओल आलेली.

मग देणगीदारांची फेरी ठरली. आदल्या दिवशी मोहीमवाले वर आले आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ताई, या बादल्या उद्या दिसता कामा नयेत. प्लॅस्टिकही नको. दवाखान्यासारखं वाटतं."

"गळतंय हो."

"तो शब्द अजिबात वापरायचा नाही. बुडत्या बोटीत कोणी पैसे टाकत नाही. विचारलंच तर 'काळाच्या खुणा' म्हणा."

"आणि पाऊस आला तर?"

"तासाभराचा तर प्रश्न आहे!"

मी भांडायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी या लोकांशी शाई, गोंद आणि टाचण्यांसाठी भांडले, आणि नेमकं त्या दिवशी मला कंटाळा आला. म्हटलं, मरू दे, एक तास. दुसऱ्या दिवशी मी माझ्या हाताने बादल्या उचलून स्वच्छतागृहात ठेवल्या. प्लॅस्टिक काढलं, नीट घडी करून टेबलाखाली सारलं.

पाहुणे आले आणि पाठोपाठ पाऊस आला. खाली जिन्याचे फोटो काढण्यात त्यांचा अर्धा तास गेला. वर आले तेव्हा विश्वस्तांपैकी दातांचे डॉक्टर त्यांना माहिती देत होते, मी दाराशी हसरा चेहरा करून उभी. फर्निचरचं दुकान असलेले एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "वा! काय जुना वास आहे हो!" तो ओल्या कागदाचा वास होता. मला सात नंबरवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येत होता आणि मी हसत होते.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. वरच्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत उतरलं होतं. सगळ्यात वरच्या खणात ते ठिबकलं होतं, आणि त्यात सगळ्यात वर बदकं होती; खालचे कागद कडांना दमट होऊन वाचले होते. निळा रंग चौकटी सोडून कागदभर पसरला होता. बदकं कुठे आणि तळं कुठे, काही कळत नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. सगळ्यात जास्त संताप माझाच आला होता.

मग उठले. जावक वही काढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: नक्षीचे कागद, चाळीस. कारण: गळती. ठराव: नाही. खाली सही केली. कागद रेनकोटात गुंडाळले आणि भर दुपारी, पहारेकऱ्यादेखत, नव्या जिन्याच्या नव्या कठड्याला धरून खाली उतरले. बदकांचा कागद तेवढा वेगळा करून माझ्या पिशवीत तळाला घातला.

घरी आई खिडकीशी बसली होती. मी रेनकोट पलंगावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. वर्षभराचं खोटं, छप्पर, ठराव, सगळं. फक्त बादल्या कोणी उचलल्या ते आणि बदकं, एवढं सांगायची हिंमत झाली नाही. तिने एकेक कागद काढून चादरीवर पसरला, बोटाने कडा चाचपल्या.

"म्हणजे चोरून आणलेस?"

"वहीत लिहून आणलेत."

"लिहून चोरलेस," ती म्हणाली. शेवटचा कागद चादरीवर सरळ केला. मग म्हणाली, "आठ नंबरवर पण गळतं का?"

"अजून नाही. पण गळेल."

"मग तिचे का नाही आणलेस?"

"डावरीचे? आई, तूच म्हणायचीस, तिच्या कागदांवर पाणी पडलं तर पडू दे."

"तोंडाने म्हणतो माणूस. उद्या जा आणि घेऊन ये. आता नोकरी जायचीच आहे, तर काम तरी पुरतं कर."

दुसऱ्या दिवशी मी आठ नंबर रिकामं केलं. वहीत लिहिलं, सही केली. संध्याकाळी घरी नोटीस आली: संग्रहातील वस्तू विनापरवाना बाहेर नेल्याबद्दल विश्वस्तांची विशेष बैठक.

आणि काय सांगू, बैठकीला दहा जण हजर! वर्षभरात पहिल्यांदा खुर्च्या कमी पडल्या. छपरासाठी ज्यांना वेळ नव्हता ते मला झापायला वेळेच्या आधी येऊन बसले होते. मी दहा डोकी दोनदा मोजली. अध्यक्षांनी घसा साफ केला तशी मी उभी राहिले.

"साहेब, माझा विषय दुसरा घ्या."

"का बरं?"

"माझा विषय झाला की लोक उठून जातील. आत्ता दहा आहेत. आठ लागतात. कलम चौदा घ्या."

कोणीतरी हसलं. मोहीमवाले म्हणाले, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. पण न्यायाधीशांनी नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि सावकाश एक पान वाचलं. वर्षभर मी ज्या माणसाच्या नियमांना शिव्या घातल्या, तो म्हणाला, "विशेष बैठकीत अध्यक्षांच्या परवानगीने तातडीचा विषय घेता येतो. परवानगी आहे." राखीव निधीतून छप्पर दुरुस्त करायचा ठराव आठ मिनिटांत मंजूर झाला. आठ मिनिटं! माझ्या बादल्या वर्षभर भरत होत्या.

"पण छपरावर पाटी कोणाची लावायची?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पावसाला वाचता येत नाही, डॉक्टर," मी म्हटलं.

माझ्या विषयाला सव्वा तास लागला. वहीत सगळं लिहिलेलं असल्याने चोरी म्हणता येईना, आणि ठराव नसल्याने सोडूनही देता येईना. शेवटी असं ठरलं की छप्पर झालं की कागद परत आणायचे, आणि मी निवृत्तीच्या चार महिने आधीच, सन्मानाने, घरी बसायचं. बाहेर पडताना मोहीमवाले माझ्या कानाशी आले. "ताई, मोहिमेसाठी ही फारच सुंदर गोष्ट आहे. आईंचा एक फोटो मिळेल का, कागद हातात घेतलेला?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आले तर आईने पलंगावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले होते. एक डावरीच्या बदकांचा, लख्ख, प्रत्येक चौकट जिथल्या तिथे. दुसरा तिचा स्वतःचा, निळा चिखल झालेला. मी पिशवी घरीच ठेवून गेले होते.

"आई, बादली मीच उचलली होती," मी दारातूनच म्हटलं.

"माहीत आहे. पाणी एकाच जागी तासभर पडलंय. कागद बघितला की कळतं. आणि तुझ्या बादलीला दुसरं कोण हात लावणार?" तिने डावरीचा कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "छपराचं काय झालं?"

"होणार. ठराव झाला."

"मग परत ने सगळे. माझा हा राहू दे. बदकं म्हणून डावरीचीच ठेव." कागद खाली ठेवत ती म्हणाली, "तशीही तिचीच चांगली होती."

जिचं नाव निघालं की आई ताटावरून उठायची, तिचं हे कौतुक. आई खरं बोलत होती की माझ्यासाठी बोलत होती, मला कळलं नाही. मी चपला काढल्या, तिच्या शेजारी बसले आणि पुन्हा विचारलं नाही. कपाट कोरडं आहे असं मी वर्षभर तिला सांगत होते, तेव्हा तिनेही कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.