उकळलेलं औषध

माझ्या सासूने कसाव्याची बेचाळीस झाडं घालवली, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले. खरं तर ती आम्ही दोघींनी मिळून घालवली, आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

तोतो अमुगे, म्हणजे माझी सासू – आमच्याकडे आईला तोतो म्हणतात – पाल्याच्या औषधांसाठी आमच्या भागात नावाजलेली. पोराचं पोट दुखो की गाय दूध तोडो, लोक तिच्याकडे येत. कसाव्याचा कंद हे आमचं रोजचं अन्न, आणि तिच्या परसात गोड कसाव्याची जुनी जात होती. लुटारूंनी आमची गुरं पळवून नेली त्या वर्षी सगळं गाव विस्थापितांच्या छावणीत गेलं, तेव्हा बाकीच्या बायकांनी डोक्यावर भांडी घेतली, हिने कसाव्याच्या कांड्यांची मोळी घेतली. छावणीच्या कडेला लावलेल्या त्या कांड्यांवर माझा नवरा लहानाचा मोठा झाला.

मग तपकिरी रोग आला. झाड वरून बरं दिसतं आणि कंद कापावा तर आत बुचासारखा कुजलेला. शेजाऱ्यांकडची ती जात गेली. मी नोकरी करते त्या शेती संशोधन केंद्राच्या वाफ्यातूनही गेली. उरली फक्त आमच्या परसात. ही बेचाळीस गेली की ती जात संपली, हे मला माहीत होतं आणि तोतोलाही.

केंद्रात आमचे डॉक्टर एकवारू बोगनवेलीच्या पानातल्या एका प्रथिनावर प्रयोग करत होते. ते प्रथिन झाडाला आधीच मिळालं, तर विषाणूला आत हातपाय पसरता येत नाहीत. मात्र आधीच मिळायला हवं. रोग एकदा शिरला की त्याचा उपयोग शून्य. पानं कुटायचं काम माझ्याकडेच होतं. केंद्रातल्या वाफ्यांत फवारलेली झाडं तगलेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि डॉक्टरांना विचारून ती रीत घरी आणली.

"तोतो, चर्चच्या कुंपणावरच्या बोगनवेलीची पानं आणायची. उखळात कुटायची, थंड पाण्यात कालवून गाळायची, आणि त्याच सकाळी फवारायची. दर बुधवारी. उकळायचं अजिबात नाही."

"का गं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझ्या डॉक्टरला त्याच्या आईने कच्चा पाला पाजला होता वाटतं."

"तुम्ही सांगितलं तेवढं करा ना."

मी आणलेला फवारणीचा पंप तिने उचलून कोपऱ्यात ठेवला. का उकळायचं नाही, हे मला सांगता येत नव्हतं असं नाही. केंद्रात पाहुणे आले की मी ते घडाघडा सांगत असे. पण गळ्यात ओळखपत्र अडकवल्यापासून मला वाटायला लागलं होतं, की या म्हातारीला काय कळणार.

मी आठवडाभर केंद्रात राही आणि शनिवारी घरी येई. दर शनिवारी विचारी, "फवारलं?" ती म्हणे, "फवारलं." खोटं ती बोलत नव्हती.

नवव्या शनिवारी खालच्या पानांवर शिरांलगत पिवळं दिसलं. आधी एका झाडावर, मग तिसऱ्या ओळीत, मग जिकडे बघावं तिकडे. मी धावत स्वयंपाकाच्या खोपटात गेले, तर चुलीशेजारी मोठं मडकं पालथं घातलेलं, आणि त्याच्या काठाला वाळलेल्या बोगनवेलीचा हिरवा थर.

"तोतो, उकळलंत?"

"उकळलं. आणि गार करूनच फवारलं."

"मी नको म्हटलं होतं ना!"

"आवाज खाली कर. चाळीस वर्षं औषध देतेय. कच्च्या पाल्याचं पाणी कोण देतं ठाऊक आहे? ज्याला समोरच्याचा जीव घ्यायचा असतो तो. माझ्या झाडांना मी तसलं घालू?"

मग मी बोलले. अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, आणखीही काही म्हटलं जे सुनेने म्हणू नये. ती नाचणीचं पीठ चाळत होती, तशीच चाळत राहिली. मी दमल्यावर तिने विचारलं, "आता तरी सांग. उकळल्यावर काय होतं?"

मी उंबऱ्यावर बसले. पानात एक प्रथिन असतं म्हटलं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. आच लागली की ते गोठतं आणि कामातून जातं.

तिचे हात थांबले.

"अंड्यासारखं?"

"हो."

"एवढंच होतं? उकडलेलं अंडं कोंबडीखाली ठेवलं तर पिल्लू निघत नाही, हे मला तू शिकवणार होतीस का? हे तेव्हा सांगितलं असतंस, तर मी आच लावली असती का गं?"

मी उठून कुदळ घेतली.

पिवळी पडलेली एकोणचाळीस झाडं आम्ही उपटली. तोतो एकेका झाडाचा कंद कापून बघायची आणि तुकडे ढिगावर टाकायची. ढीग पेटवायला काडी तिने माझ्याकडे मागितली, पेटवली मात्र स्वतः. उरलेल्या तीन झाडांची पानं मी तपासायला केंद्रात नेली. दोन रोगी निघाली, एक निरोगी.

त्या एका झाडासाठी तोतोने स्वतःच्या खाटेवरची मच्छरदाणी काढली. रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो हेही मी तिला आता सांगितलं होतं. चार काठ्या रोवून तिने झाडाला जाळीत बंद केलं, कडेने माती दाबली.

"तुम्ही कशात झोपणार?"

"माझं कातडं जाड आहे."

मी दुसरी आणते म्हटलं आणि पुढच्या शनिवारी विसरले. असं विसरणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा. त्या आठवड्यातला बुधवार तिने मात्र चुकवला नाही. पहाटे चर्चला जाऊन पानं आणली, कुटली, मडक्यातलं गार पाणी घेतलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मच्छरदाणी घेऊन आले, तेव्हा ती हिवतापाने कुडकुडत पडली होती. शेजारीण म्हणाली, मंगळवारपासून अशीच आहे. दवाखान्यात नेण्यासाठी मी भाड्याच्या सायकलवाल्याला बोलावू लागले, तर तिने माझं मनगट धरलं.

"बुधवार चुकलाय. आधी ते कर."

मी पानं आणली. उखळात कुटली, पाणी घातलं, गाळलं. परसात जाऊन मच्छरदाणीची कड उचलली. सगळ्यात खालच्या पानावर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, पिवळं उतरलेलं होतं.

मग पंप उचलला आणि सगळं औषध त्या झाडावर फवारलं, थेंबही न ठेवता. जाळीची कड पुन्हा मातीत दाबली.

आत आले तेव्हा तिचे डोळे उघडे होते.

"पाणी थंडच घेतलंस ना?"

"थंडच घेतलं, तोतो," मी म्हटलं.